कोरडं बिअर यीस्ट कसं भिजवायचं आणि ते जिवंत आहे हे कसं तपासायचं

घरी पहिल्यांदा बिअर करणाऱ्याचं बहुतेक लक्ष मॉल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि उकळण्याच्या वेळेकडे असतं. यीस्टचं पाकीट अगदी शेवटी हातात येतं. तोवर माणूस दमलेला असतो, आणि पाकीट कापून फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, रिकामं केलं की काम संपलं असं त्याला वाटतं. पण साखरेपासून अल्कोहोल तयार करण्याचं सगळं काम यीस्टच करतं. आपण फक्त ते धडधाकट अवस्थेत वर्टपर्यंत पोहोचवायचं. (वर्ट म्हणजे मॉल्टची साखर उतरलेलं, हॉप्स घालून उकळलेलं आणि नंतर गार केलेलं गोड पाणी.) कोरडं यीस्ट भिजवायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त लक्ष तापमानाकडे द्यायचं असतं, आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो फेसामुळे. हे दोन मुद्दे नीट समजले तर बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

घरी बिअर करण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, तेवढे आधी पाहून घ्या.

कोरड्या दाण्यात काय घडत असतं

पाकिटातले तपकिरी, बारीक, लांबट दाणे म्हणजे एकमेकींना चिकटून सुकलेल्या असंख्य यीस्टपेशी. जिवंत पेशीत बहुतांश पाणीच असतं. कारखान्यात ते इतकं काढून घेतलेलं असतं की दाण्यात जेमतेम पाचेक टक्के ओलावा उरतो. एवढ्या कोरडेपणात पेशी तग धरते ती ट्रेहॅलोज नावाच्या साखरेमुळे. पेशीभोवतीच्या आवरणाला ही साखर आतून सावरून धरते.

हे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. कोरड्या अवस्थेत ते थिजलेल्या तेलासारखं ताठ झालेलं असतं. कोमट पाणी मिळालं की ते पुन्हा सैल आणि लवचीक होतं. पाणी गार असेल तर आवरण ताठच राहतं, पाणी मात्र आत घुसतं, आणि पेशीतले उपयोगी पदार्थ फटींमधून बाहेर झिरपतात. अशा पेशी मरतात किंवा लुळ्या पडतात.

पहिल्या काही मिनिटांची आणखी एक अडचण आहे. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं, हे ठरवण्याची ताकद आवरणाला अजून आलेली नसते. त्या क्षणी भोवती दाट साखरेचं, हॉप्सचं कडू वर्ट असेल तर ते सगळं सरसकट आत शिरू शकतं. म्हणून भिजवायला साधं, कोमट पाणी घ्यायचं. त्यात साखर नको आणि यीस्टचं खाद्यही नको. विशेषतः अमोनियमचे क्षार असलेलं खाद्य या टप्प्यावर पेशींना अपायकारक ठरतं. ते द्यायचंच असेल तर नंतर वर्टमध्ये द्या. भिजवतानाच वापरण्यासाठी बनवलेली खास पोषणद्रव्यं मिळतात. ती वेगळी असतात आणि त्यात हे क्षार नसतात.

साखर नाही मग यीस्ट जगणार कशावर, असं वाटणं साहजिक आहे. त्याची शिदोरी त्याच्याजवळच असते. कारखान्यात भरपूर हवा देऊन ते वाढवलेलं असतं, त्यामुळे स्टेरॉल, स्निग्ध आम्लं आणि राखीव साखरा पेशीत आधीच भरलेल्या असतात. म्हणूनच ताज्या कोरड्या यीस्टसाठी स्टार्टर, म्हणजे थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घेणं, करायची गरज नसते. द्रव यीस्टसाठी स्टार्टर ठीक आहे. इथे मात्र तो केला तर ही साठवण वर्टमध्ये जाण्यापूर्वीच खर्ची पडते.

भिजवणं खरंच गरजेचं आहे का?

हा वाद जुना आहे. आता बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात की त्यांचं यीस्ट थेट वर्टवर भुरभुरवलं तरी चालतं. नेहमीच्या ताकदीच्या एलमध्ये (एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवायची बिअर), ताज्या पाकिटानं आणि योग्य मात्रेत तसं केलं तर बिअर उत्तम होते. कुणी तसं करत असेल तर तो चुकतोय असं मी म्हणणार नाही.

तरीही काही वेळा भिजवणंच शहाणपणाचं ठरतं. वर्ट दाट असेल, म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता; पाण्याची १.०००) १.०६५ च्या वर असेल, वर्ट आधीच आंबट केलेलं असेल, किंवा पाकीट मुदतीच्या काठावर असेल, तेव्हा यीस्टवर आधीच ताण असतो. त्यात सुरुवातीच्या धक्क्याची भर घालू नये. नवख्या माणसानं तर निदान सुरुवातीला भिजवूनच पाहावं असं माझं ठाम मत आहे. एकदा फर्मेंटरचं झाकण लागलं की यीस्ट नजरेआड होतं. ते कसं दिसतं, त्याला वास कसा येतो, पाण्यात ते कसं वागतं हे डोळ्यांनी पाहायची संधी या अर्ध्या तासातच मिळते. एकदा चांगलं यीस्ट नीट पाहिलं असलं की पुढे बिघडलेलं लगेच लक्षात येतं.

किती यीस्ट लागेल

घरगुती पाकिटं साधारण १० ते ११.५ ग्रॅमची असतात. एलसाठी दर लिटर वर्टला ०.५ ते ०.८ ग्रॅम आणि लागरसाठी ०.८ ते १.२ ग्रॅम हे प्रमाण धरा. म्हणजे २० लिटर एलला १० ते १६ ग्रॅम आणि २० लिटर लागरला १६ ते २४ ग्रॅम. ग्रॅव्हिटी १.०५० च्या आसपास असेल तर एलला एक पाकीट पुरतं. लागर थंडीत आंबवायची असते, तिथे यीस्ट हळू चालतं, म्हणून दोन पाकिटं. दाट एललाही दीड-दोन पाकिटं लागतात. शंका असेल तेव्हा थोडं जास्त टाकलेलं बरं. कमी पडलेल्या यीस्टला आधी आपली संख्या वाढवत बसावं लागतं. तेवढ्या वेळात भलत्याच जंतूंचं फावतं, चव बिघडते, आणि कधी कधी आंबणं अर्ध्यावरच अडकतं.

पावाचं यीस्ट याच कुळातलं असलं तरी ते इथे वापरू नका. ते निवडलेलं असतं कणीक फुगवण्यासाठी. बिअरची चव, तळाशी नीट बसणं, मॉल्टच्या साखरा शेवटपर्यंत संपवणं या गोष्टींसाठी ते निवडलेलं नसतं.

पाकीट उघडण्याआधीची तपासणी

तपासणीची सुरुवात पाकीट बंद असतानाच होते, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. तारीख पाहा. ती उलटून गेली म्हणून यीस्ट मेलंच असं नसतं, पण जिवंत पेशी कमी झालेल्या असतात. ते ठेवलं कुठे होतं हा त्याहून मोठा प्रश्न. सतत फ्रीजमध्ये राहिलेलं, मुदत नुकतीच संपलेलं पाकीट हे कित्येक महिने गरम खोलीत पडलेल्या मुदतीतल्या पाकिटापेक्षा सरस असू शकतं. यीस्टचे तीन शत्रू आहेत: उष्णता, ओलावा आणि हवा. पाकीट हाती आलं की सरळ फ्रीजमध्ये, शक्यतो ४ अंश किंवा त्याखाली ठेवा.

मग पाकीट बोटांनी चाचपून पाहा. दाणे आत मोकळे घरंगळले पाहिजेत. गोळे लागत असतील तर ओलावा शिरलाय. हवा काढून विटेसारखं कडक केलेलं पाकीट मऊ पडलं असेल तर कुठेतरी बारीक छिद्र आहे. कडेची शिवण आणि कोपरे उजेडात धरून पाहा, छिद्रं तिथेच पडतात.

उघडल्यावर वास घ्या. चांगल्या कोरड्या यीस्टला पावाच्या कवचासारखा सौम्य, सुका वास येतो. कुबट, खवट किंवा सडका वास आला तर ते पाकीट बाजूला ठेवा. रंग फिकट तपकिरी असावा आणि सगळीकडे एकसारखा असावा.

काय काय हाताशी हवं

अर्धा ते एक लिटरचा मोठा काचेचा जार, चमचा, कात्री, थर्मामीटर, पाणी मोजायचं माप आणि झाकायला अॅल्युमिनियम फॉइल. यीस्टला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवा आणि मग निर्जंतुक करा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. सॅनिटायझर मळ काढत नाही, तो फक्त स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू मारतो. पाकिटाची कडा आणि कात्रीची पातीही सॅनिटायझरनं पुसून घ्या, हे हमखास विसरलं जातं.

पाणी पिण्याचं, साधं असावं. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी मी टाळतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार जवळपास नसतात आणि हे क्षार पेशीचं आवरण सावरायला मदत करतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळल्यावर ते उडून जातं आणि पाणी निर्जंतुकही होतं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते नुसत्या उकळण्यानं पूर्ण जात नाही. तिथे बाटलीबंद साधं पाणी उकळून घ्या.

थर्मामीटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अख्खी कृती त्याच्यावर उभी आहे. स्वयंपाकातले स्वस्त थर्मामीटर चार-पाच अंशांनी सहज चुकतात. तुमचा खरा आहे का हे तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर चांगला, कारण आपल्याला हव्या त्या टप्प्याच्या जवळपास तो अचूक असतो. एका वाटीत ३६-३७ अंशांचं पाणी घ्या, दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी बुडवा आणि किती फरक पडतो ते लिहून ठेवा. दुसरी तपासणी बर्फाची: भरपूर कुटलेला बर्फ, तो बुडेल इतकंच पाणी, ढवळून दोन मिनिटं थांबायचं. शून्य दिसलं पाहिजे. थर्मामीटर अजिबातच नसेल तर निर्जंतुक केलेल्या चमच्यानं पाण्याचे दोन थेंब मनगटावर टाका. गरमही लागू नये आणि गारही लागू नये. पण हा आपत्कालीन उपाय झाला.

भिजवण्याची कृती

पाकिटामागे तापमान दिलेलं असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं. लॅलमंड ३० ते ३५ अंश सांगते, फर्मेंटिस २५ ते २९. म्हणून पाकिटावर जे छापलंय ते पाळा. छापील सूचना नसेल तर ३० च्या आसपास राहा. ४० च्या वर जाऊ नका.

यीस्ट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. अर्धा तास पुरे.

यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी घ्या. ११ ग्रॅमला ११० मिलिलिटर, दोन पाकिटांना २२०. कमी पाण्यात दाणे एकमेकांना चिकटून आत कोरडेच राहतात.

उकळलेलं पाणी जारमध्ये ओतून फॉइलनं झाका आणि हव्या त्या तापमानाला येऊ द्या. इथे एक अडचण येते, ती फारशी कुणी सांगत नाही. ११० मिलिलिटर म्हणजे अगदी थोडं पाणी. गार काचेत ते भराभर निवतं. तुम्ही ३२ अंश मोजून यीस्ट टाकता, आणि दहा मिनिटांनी पाणी २५ ला आलेलं असतं. यावर दोन उपाय आहेत. जार आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. आणि भिजवताना तो जार थोडं कोमट पाणी भरलेल्या भांड्यात उभा करून ठेवा, म्हणजे बाहेरचं पाणी आतलं तापमान धरून ठेवतं. बाहेरचं पाणीही ३५ अंशांहून गरम नको.

आता दाणे पाण्यावर भुरभुरवा. एका जागी ढीग पडू देऊ नका, सगळ्या पृष्ठभागावर पसरवा. ढवळू नका. फॉइल परत लावा आणि १५ मिनिटं हात लावू नका.

या १५ मिनिटांत जारकडे नीट पाहा. सुरुवातीला दाणे कोरड्या थरासारखे तरंगतात. मिनिट-दोन मिनिटांत थराचा रंग कडेकडून गडद होत जातो आणि दाण्यांची टोकं पुसट होतात. मग एखाद्या ठिकाणी थर फाटतो आणि तिथून मळकट पांढऱ्या रंगाची बारीक धार खाली उतरते. पाठोपाठ दुसरी, तिसरी. तळाशी ढगासारखी साय जमू लागते. काही जातींमध्ये वरचा थर फुगून जाड होतो, काहींमध्ये जवळजवळ सगळं तळाशी जाऊन बसतं. दोन्ही ठीक आहे.

१५ मिनिटांनी निर्जंतुक चमच्यानं हलकेच ढवळा. सगळा ऐवज एकजीव झाला पाहिजे: घट्टसर, दुधाळ-तपकिरी, गुठळ्या नसलेला. एखाददुसरी गुठळी राहिली तर जारच्या काठावर चमच्यानं दाबून फोडा. आणखी ५ मिनिटं थांबा.

वर्टच्या तापमानाला आणणं

ही पायरी सर्रास गाळली जाते. ३२ अंशांचं यीस्ट एकदम १८ अंशांच्या वर्टमध्ये ओतलं तर १४ अंशांचा धक्का बसतो. यीस्ट आणि वर्ट यांच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत आणावा, नाहीतर नुकत्याच सावरलेल्या पेशी पुन्हा जखमी होतात आणि काहींची वाढ कायमची खुंटते.

जार तसाच ठेवून तो आपोआप गार व्हायची वाट पाहू नका, त्यात वेळ जातो आणि यीस्टची शिदोरी संपत जाते. त्यापेक्षा फर्मेंटरमधलंच थोडं वर्ट निर्जंतुक पळीनं काढून जारमध्ये घाला. जारमध्ये साधारण १२० मिलिलिटर ऐवज ३२ अंशांवर आहे असं धरा. त्यात १८ अंशांचं ६० मिलिलिटर वर्ट घातलं की मिश्रण २७ च्या आसपास येतं. ५ मिनिटं थांबून आणखी ६० घाला, आता ते २५ होतं. फरक ७ अंशांचा उरला, म्हणजे ओतायला हरकत नाही. लागरचं वर्ट १२ अंशांवर असेल तर अशा तीन-चार फेऱ्या लागतील. यीस्टला साखरेची आणि हॉप्सची ओळख हळूहळू होते हा यातला दुसरा फायदा.

जार मोठा घ्या असं सांगण्यामागेही हेच कारण आहे. वर्ट पडलं की फेस येऊ लागतो आणि छोटा पेला उतू जातो.

यीस्ट पाण्यात पडल्यापासून वर्टमध्ये जाईपर्यंत सगळं मिळून अर्धा-पाऊण तासात उरका. फर्मेंटरमध्ये ओतताना जार थोड्या वर्टनं विसळून तेही आत घाला, काठाला बरंच यीस्ट चिकटलेलं असतं. पहिल्या खेपेच्या कोरड्या यीस्टला वर्ट मुद्दाम हवेशीर करायची फारशी गरज नसते. ओतताना जेवढी हवा मिसळते तेवढी पुरते.

फेस नाही आला, मग यीस्ट मेलं?

नाही. साध्या पाण्यात खायला साखर नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही नाही. निरोगी यीस्टनंही साध्या पाण्यात फेस न काढणं हेच अपेक्षित आहे. उलट, जो थोडा फेस दिसतो तो पुष्कळदा दाण्यांत अडकलेल्या हवेचा असतो. अनेक कोरड्या यीस्टमध्ये ई४९१ नावाचा इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) असतो, त्यामुळेही वर साय धरल्यासारखं दिसतं. थोडक्यात, भिजवण्याच्या जारमधला फेस पाहून यीस्ट जिवंत की मेलेलं हे ठरवता येत नाही.

या टप्प्यावर पाहण्यासारखं इतकंच: दाणे भिजून विरघळले का, ढवळल्यावर एकजीव झालं का, वास ताज्या पावासारखा आहे का. पंधरा-वीस मिनिटांनीही दाणे तळाशी रेतीसारखे कोरडे बसून राहिले, किंवा ढवळल्यावर चमचा चिकट चिखलातून फिरतोय असं वाटलं, तर संशय घ्या. मेलेल्या पेशी फुटून आतला माल बाहेर येतो तेव्हा मिश्रण असं चिकट होतं.

संशयास्पद पाकिटाची साखर-चाचणी

जुनं किंवा उन्हात राहिलेलं पाकीट असेल तर बिअर करायच्या आदल्या दिवशी चाचणी घ्या. ताज्या, नीट ठेवलेल्या पाकिटावर ही चाचणी करू नका. तिथे ती निरर्थक आहे आणि यीस्टची साठवण उगाच खर्ची पडते. जुन्या पाकिटावरही अख्खं पाकीट घालायचं नाही, फक्त एक ग्रॅम.

एक ग्रॅम यीस्ट १० मिलिलिटर कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा. मग त्यात ४० मिलिलिटर उकळून कोमट केलेलं पातळ वर्ट घाला. वर्ट नसेल तर तेवढ्याच पाण्यात २ ग्रॅम साखर चालते. २५ ते ३० अंशांच्या जागी ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी. शेजारी तसाच दुसरा पेला ठेवा, त्यात तेवढंच भिजवायचं पाणी आणि गोड पाणी, पण यीस्ट नको. जमलं तर तिसऱ्यात खात्रीच्या ताज्या पाकिटातलं एक ग्रॅम. या तुलनेमुळे अंदाजपंचे काही राहत नाही: बुडबुडे यीस्टचे की नुसत्या हवेचे, आणि वेग नेहमीचा की मंद, हे समोरच दिसतं.

चांगल्या यीस्टमध्ये अर्ध्या-एक तासात बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर येताना दिसतात आणि हळूहळू मलईच्या रंगाचा थर जमतो. बिअरचं यीस्ट पावाच्या यीस्टइतकं घाईचं नसतं, म्हणून दोन-तीन तास गेल्याशिवाय ते मेलं असं म्हणू नका. उरलेलं पाकीट हवा दाबून घट्ट बंद करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.

या चाचणीची मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. ती सांगते की काही पेशी जिवंत आहेत. किती आहेत हे ती सांगत नाही. तीन-चतुर्थांश पेशी मेल्या असल्या तरी उरलेल्या चतुर्थांशातून फेस येणारच. म्हणून तुलनेच्या पेल्यापेक्षा संशयितात स्पष्टपणे उशीर होत असेल तर एकाऐवजी दोन पाकिटं वापरा. नवीन पाकीट हाताशी असेल तर जुन्यावर विसंबूच नका. दिवसभराच्या मेहनतीचं वर्ट संशयास्पद यीस्टच्या हवाली करण्यात काही अर्थ नाही.

जिवंत पेशी मोजायच्याच असतील तर सूक्ष्मदर्शक आणि मिथिलीन ब्लू लागतं. सुमारे ०.०१ टक्क्यांचं द्रावण यीस्टच्या पातळ मिश्रणात समप्रमाणात मिसळून काही मिनिटांनी ४०० पट मोठं करून पाहायचं. जिवंत पेशी रंग बाहेर ठेवतात किंवा त्याला रंगहीन करतात, मेलेल्या निळ्या दिसतात. पण यीस्ट नीट भिजून आवरण सावरण्याआधी हे केलं तर जिवंत पेशीही निळ्या होतात आणि आकडा विनाकारण घाबरवतो. नवख्याला हे सगळं लागत नाही.

फर्मेंटरमध्ये गेल्यावर

एल यीस्ट साधारण १२ ते २४ तासांत हालचाल दाखवतं, लागरला थंडीमुळे त्याहून उशीर होतो. आधी पृष्ठभागावर बुडबुड्यांची बेटं दिसतात, मग ती जुळून मलईदार फेस होतो आणि भांड्याच्या आतल्या बाजूला त्याचा तपकिरी पट्टा उमटतो. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी, पाणी भरलेली झाकणावरची नळी) गुडगुडणं हे चांगलं लक्षण आहे, पण त्याचं गप्प राहणं वाईट लक्षण असेलच असं नाही. झाकणाची रबरी कडा नीट बसली नसेल तर वायू तिथूनच निघून जातो.

खरा निकाल हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायचं तरंगतं उपकरण, देतं. ४८ तासांनंतरही काही दिसत नसेल तर आधी वर्टचं तापमान पाहा. एल यीस्टला वर्ट १४-१५ अंशांवर मिळालं असेल तर ते फक्त आळसावलंय. १८ ते २० अंशांवर आणा, फर्मेंटर हलकेच हलवा आणि अर्धा दिवस थांबा. मग निर्जंतुक नळीनं नमुना काढून ग्रॅव्हिटी मोजा. नमुना हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणून मोजा, बहुतेकांवर २० अंश असतं. काढलेला नमुना परत आत ओतू नका. सुरुवातीला १.०५० होतं आणि आता १.०४६ आहे, तर एअरलॉक कितीही शांत असला तरी यीस्ट कामाला लागलंय. त्याला त्याच्या वेळेवर सोडा.

७२ तास झाले, तापमान ठीक आहे आणि ग्रॅव्हिटी जराही हललेली नाही, तर आणखी वाट पाहू नका. वर्टला आंबट, कुजका वास नसेल आणि वर बुरशी किंवा पापुद्रा नसेल तर नवीन पाकीट वरच्याच रीतीनं भिजवा, वर्टच्या तापमानाजवळ आणा आणि ओता. यासाठी एक जास्तीचं पाकीट कायम फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ग्रॅव्हिटी मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा.